23 बाइटांचा नमस्कार

वाचता वाचता एखादा जुना शब्द भेटला की तो टिपून ठेवायची मला खोड आहे. उतरंड, माजघर, सुगी, तिन्हीसांजा. पूर्वी त्यासाठी वही होती, आता संगणकावर एक साधी मजकुराची फाईल आहे. वाचन मात्र हल्ली बहुतेक ब्राउझरमध्येच होतं. म्हणजे शब्द निवडा, कॉपी करा, फाईल उघडा, तळाशी जा, चिकटवा, जतन करा. दिवसातून दहादा हे केल्यावर वाटलं, ब्राउझरमध्ये एक बटण का असू नये? शब्द निवडला, बटण दाबलं, फाईलमध्ये एक ओळ वाढली. काम ते केवढं!

त्या एका ओळीनं माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या. त्याबद्दल तक्रार नाही, कारण त्या तीन संध्याकाळींत जे दिसलं ते पाहून मी अजून चाट आहे.

आधी हे बघा. तुमचा ब्राउझर न्यूयॉर्कमधल्या सर्व्हरशी क्षणात बोलून परत येतो. पण त्यात उघडलेलं पान त्याच डिस्कवरच्या, शेजारच्या फोल्डरातल्या फाईलला तुम्ही निवडून दिल्याशिवाय हात लावू शकत नाही. सात समुद्र ओलांडणाऱ्याला घरचा उंबरठा ओलांडायची बंदी! आणि ही बंदी हेच ब्राउझरचं सर्वांत मोठं कर्तृत्व आहे. दिवसभरात तुम्ही पन्नास संकेतस्थळं उघडता. प्रत्येक पानाबरोबर कुणीतरी अनोळखी माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर येतो आणि चालतो. तो कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, तुम्ही विचारत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही घरात घेऊन स्वयंपाक करू देण्यासारखं आहे हे. तरीही दागिन्यांचा डबा जागेवर राहतो, तो कसा?

कारण ते पान बंदिस्त खोलीत चालतं. 2008 साली क्रोम आला तोच ही रचना घेऊन. पानांचा कारभार वेगळ्या प्रक्रियांत, आणि त्या प्रक्रियांना फाईल उघडायचा किंवा दुसरा प्रोग्रॅम चालवायचा अधिकारच नाही. या खोलीला सँडबॉक्स म्हणतात. मला ते लहान मुलांच्या वाळूच्या हौदासारखं नाव कधी पटलं नाही. मला आठवतो तो रायगड. तिन्हीसांजेला दरवाजे बंद झाले की झाले. दूध घालायला आलेली हिरकणी असो की आणखी कुणी. गोष्ट पुढची आपल्याला पाठ आहे: हिरकणी कडा उतरून गेली, महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि जिथून ती उतरली तिथं बुरूज बांधला. ब्राउझर बनवणारे आज नेमकं हेच करतात. बंद खोलीतून निसटायची वाट जो शोधून कळवेल त्याला बक्षीस, आणि त्या वाटेवर लगेच बुरूज.

आता माझी पंचाईत लक्षात आली? मला बुरूजबंद गडातून रोज दहादा बाहेर एक शब्द पाठवायचा होता, तोही राजरोसपणे.

अशी गरज काही माझ्या एकट्याची नाही. पासवर्ड सांभाळणारे प्रोग्रॅम घ्या. कीपासएक्ससी नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे. तुमचे सगळे पासवर्ड तो तुमच्याच डिस्कवर कुलूपबंद ठेवतो. पण ते भरायचे कुठे? ब्राउझरमधल्या पानावर. एस्टोनियात लोक ओळखपत्राचं कार्ड संगणकाला जोडून संकेतस्थळावर कायदेशीर सही करतात. कार्ड यंत्राला जोडलेलं, कागद ब्राउझरमध्ये. आपल्याकडचे सीए आयकर किंवा जीएसटीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावून सही करतात तेव्हा त्यांनाही आधी एक छोटं सॉफ्टवेअर मशीनवर बसवावं लागतं. मार्ग वेगळे असतील, अडचण तीच. भिंतीच्या आतल्याला बाहेरच्याशी बोलायचं आहे.

मग पूर्वी काय करत? भिंतच पाडत. 1995 मध्ये नेटस्केपनं ब्राउझरला प्लगइन जोडायची सोय काढली. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टचं ॲक्टिव्हएक्स आलं. प्लगइन म्हणजे बाहेरचा प्रोग्रॅम सरळ ब्राउझरच्या पोटात. त्याला पूर्ण मोकळीक. तो कोसळला की ब्राउझर कोसळायचा, आणि त्यात एखादं भोक निघालं की संकेतस्थळाला तुमचं अख्खं मशीन खुलं. दक्षिण कोरियात तर बँकेचे व्यवहार वर्षानुवर्षं ॲक्टिव्हएक्सला बांधलेले होते, त्यामुळे सबंध देश एकाच ब्राउझरला चिकटून राहिला. शेवटी 2015 मध्ये क्रोमनं आणि 2017 मध्ये फायरफॉक्सनं जुन्या प्लगइनना दार लावून घेतलं. फायरफॉक्सनं तेवढा फ्लॅशला अपवाद ठेवला होता, आणि 2020 च्या अखेरीस फ्लॅशच निवर्तलं.

दुसरी एक पळवाट होती आणि ती अजून आहे: मशीनवरच एक छोटा सर्व्हर चालू ठेवायचा आणि ब्राउझरनं त्याच्याशी एखाद्या संकेतस्थळासारखं बोलायचं. सोपं आहे. पण त्या सर्व्हरचं दार ठोठावणारा कोण, हे तपासायची जबाबदारी मुख्यतः लिहिणाऱ्यावर. जुलै 2019 मध्ये जोनाथन लाइटशू या सुरक्षा संशोधकानं उघड केलं की मॅकवर झूम असाच एक सर्व्हर गुपचूप चालवत होतं. कुठलंही संकेतस्थळ त्याला सांगून तुम्हाला कॅमेऱ्यासकट मीटिंगमध्ये ओढू शकत होतं, आणि झूम काढून टाकलं तरी तो सर्व्हर मागे राहत होता. त्याला हटवण्यासाठी ॲपलला स्वतःहून सगळ्या मॅकवर अपडेट पाठवावं लागलं.

भिंत पाडायची नाही, खिडकी उघडी टाकायची नाही. मग काय उरलं? आपले जुने वाडे बघा. भल्या थोरल्या दरवाज्यात एक लहानसा दिंडी दरवाजा असतो. मोठं दार बंदच राहतं. दिंडीतून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून. वाकलेल्या माणसाला तलवार चालवता येत नाही, आणि पहारेकऱ्याला आधी त्याचं डोकं दिसतं. ब्राउझरवाल्यांनी नेमकी अशी दिंडी बसवली. तिचं नाव नेटिव्ह मेसेजिंग. क्रोममध्ये ती 2013 पासून आहे, फायरफॉक्समध्ये 2016 पासून.

तिची रचना अशी. दोन तुकडे लागतात. एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरच्या आतलं बटण. दुसरा तुमच्या मशीनवरचा सोबती प्रोग्रॅम, ज्याला नेटिव्ह होस्ट म्हणतात. एक्स्टेन्शननं हाक मारली की ब्राउझर स्वतः तो प्रोग्रॅम सुरू करतो आणि दोघांमध्ये निरोप्याचं काम करतो. निरोप म्हणजे साधा मजकूर, जेसन नावाच्या मांडणीतला. एवढंच! आतल्याला फाईल दिसत नाही, बाहेरच्याला पान दिसत नाही. ये-जा फक्त चिठ्ठ्यांची.

पण हाक मारायची कुणी? इथून पुढे पहिलं नवल. तुम्ही म्हणाल, एक्स्टेन्शननं परवानगी मागायची आणि आपण 'हो' म्हणायचं. ती मागावी लागतेच. पण तेवढ्यानं दिंडी उघडत नाही. मशीनच्या बाजूनंही एक कागद तयार असावा लागतो, मॅनिफेस्ट नावाची आठदहा ओळींची फाईल. तिच्यात प्रोग्रॅमचं नाव, तो डिस्कवर नेमका कुठे आहे याचा पूर्ण पत्ता, आणि सर्वांत महत्त्वाचं, कुठल्या एक्स्टेन्शनला बोलायची मुभा आहे त्यांची यादी. ही फाईल ठरल्या जागीच ठेवायची. लिनक्सवर तुमच्या घरच्या फोल्डरात 'कॉन्फिग'मध्ये 'गूगल-क्रोम', त्याच्या आत 'नेटिव्हमेसेजिंगहोस्ट्स'. मॅकवर अशीच एक जागा. विंडोजवर फाईल कुठेही चालते, पण तिचा पत्ता रजिस्ट्रीत नोंदवावा लागतो.

ही जागा कुठे आहे पाहिलंत? भिंतीच्या बाहेर. म्हणजे एक्स्टेन्शनला स्वतःच्या शिफारसपत्रावर स्वतः शिक्का मारता येत नाही, कारण शिक्का जिथं ठेवायचा तिथं त्याचा हातच पोचत नाही! लग्नाला दोन्ही घरची पसंती लागते आणि एका घराला दुसऱ्या घराच्या वतीनं होकार देता येत नाही, तसं. कीपासएक्ससीच्या सेटिंगमध्ये तुम्ही ब्राउझरच्या नावापुढे खूण करता तेव्हा तो प्रोग्रॅम हेच करतो: आपल्या बाजूचा कागद त्या ठरल्या फोल्डरात ठेवून येतो.

आणि त्या यादीत एक्स्टेन्शनचं नाव नसतं. नाव काय, कुणीही कुणाचंही घेईल. क्रोमच्या यादीत असते त्याची ओळख, सलग 32 अक्षरं. ही अक्षरं कुठून येतात? एक्स्टेन्शनच्या सार्वजनिक किल्लीला शा-256 नावाच्या गणिती चरकातून पिळतात आणि पहिले 128 बिट घेतात. अशा शक्यता किती? 34 लिहा आणि पुढे 37 शून्यं द्या, सुमारे तेवढ्या. दुसऱ्याची ओळख ठरवून मिळवणं अशक्यप्राय.

या 32 अक्षरांत एक गंमत लपलेली आहे. कुठल्याही क्रोम एक्स्टेन्शनची ओळख काढून बघा. तिच्यात एकही आकडा नसतो आणि इंग्रजी 'पी'च्या पुढचं एकही अक्षर नसतं. 'ए' ते 'पी', सोळाच अक्षरं. गणितातून खरं तर 0 ते 9 आकडे आणि 'ए' ते 'एफ' ही सहा अक्षरं येतात. मग ती बदलली का? क्रोमच्या उगमसंहितेत हा बदल जिथं केला जातो तिथंच कारणही लिहून ठेवलंय: चुकून कधी सगळेच आकडे आले तर काही सॉफ्टवेअरना तो इंटरनेटवरचा आयपी पत्ता वाटेल! 32 च्या 32 ठिकाणी आकडेच येणं किती दुर्मीळ. तरीही कुणीतरी थांबून तो विचार केला. अशा माणसाला मी एक कटिंग नक्की पाजेन.

या ओळखीनंच माझी पहिली संध्याकाळ खाल्ली. सगळं जोडलं, बटण दाबलं, उत्तर: प्रवेशास मनाई. अक्षर न् अक्षर तपासलं. सकाळी तर चालत होतं! मग लक्षात आलं, दुपारी मी आवराआवर करताना एक्स्टेन्शनचा फोल्डर दुसरीकडे हलवला होता. क्रोमच्या स्टोअरवर न चढवलेल्या, स्वतःच्या मशीनवरून चढवलेल्या एक्स्टेन्शनला अजून किल्ली नसते, म्हणून क्रोम त्याची ओळख फोल्डरच्या पत्त्यावरून काढतो. मी घर बदललं आणि माझा वंशच बदलला. उपाय सोपा आहे: एक्स्टेन्शनच्या मॅनिफेस्टमध्ये किल्ली लिहून टाकायची, की ओळख पक्की. पण तो कळेपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले होते.

आता दिंडी उघडली आहे. पलीकडे प्रोग्रॅम सुरू झाला आहे. चिठ्ठी जाते कशातून? माझी कल्पना होती की यासाठी काहीतरी अत्याधुनिक असणार. जगातला बहुधा सर्वांत गुंतागुंतीचा घरगुती प्रोग्रॅम, त्याच्या भिंतीतली अधिकृत वाट, आणि त्यात काय बसवलंय माहीत आहे? नळी. 1973 सालची नळी!

गोष्ट बेल लॅब्जमधली. डग मॅकिलरॉय यांनी 1964 मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, हवा तेव्हा पुढचा तुकडा फिरवून बसवायचा. कल्पना नऊ वर्षं पडून राहिली. मग 1973 मध्ये केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत ती युनिक्समध्ये उतरवली. तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रॅमला जन्मतःच एक तोंड आणि एक हात मिळतो असं समजा: एका वाटेनं आत येतं, दुसऱ्या वाटेनं बाहेर जातं. पलीकडे कीबोर्ड आहे, पडदा आहे, दुसरा प्रोग्रॅम आहे की आणखी काही, याची त्याला पर्वा नसते. ब्राउझर फक्त ती दोन टोकं आपल्या हातात घेतो. कुठला पोर्ट उघडा राहत नाही, नेटवर्कवरून कुणी दार ठोठावू शकत नाही, आणि संभाषण संपलं की ब्राउझर नळी सोडून देतो. प्रोग्रॅमनं वाचायला जावं तर शून्य बाइट मिळतात. समजून घ्यायचं की पलीकडे कुणी नाही, आपणही आवरावं.

पन्नास वर्षांत संगणकातलं काय काय बदललं, आणि ही नळी तशीच!

पण नळीचा एक स्वभाव आहे. तिच्यातून पाणी येतं. तुम्ही पलीकडून तांब्या तांब्या ओतलंत तरी अलीकडे धार लागते. पहिला तांब्या कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, धारेवरून कसं सांगणार? दोन चिठ्ठ्या लागोपाठ आल्या तर कुठे फाडायच्या? यावर उपाय दोन. एक म्हणजे शेवटाची खूण, जसा रेल्वेच्या अखेरच्या डब्यावर मोठा फुलीसारखा एक्स असतो. दुसरा म्हणजे आधीच आकडा सांगून टाकणं: 'पंगतीला तेवीस पानं मांडा.' नेटिव्ह मेसेजिंगनं दुसरा निवडला. प्रत्येक चिठ्ठीच्या आधी 4 बाइट येतात, आणि त्यांत एकच गोष्ट असते, पुढे किती बाइट आहेत.

जवळून बघायचं? दुसऱ्या संध्याकाळी माझ्या प्रोग्रॅमनं ब्राउझरला पहिली मराठी चिठ्ठी पाठवायची होती: "नमस्कार". सोबत दोन बाजूंची अवतरणचिन्हं. बोटं मोडा. न, म, स, हलन्ताची खूण, क, काना, र. संगणकाच्या लेखी हे सात तुकडे, कारण 'स्का' हे जोडाक्षर त्याच्याकडे चार तुकड्यांत सुटं असतं. अवतरणचिन्हं धरून नऊ. मी सरळ 9 लिहून मोकळा झालो. याआधी इंग्रजी 'हॅलो' झकास गेलं होतं, त्यामुळे छाती फुगलेली होती.

नमस्कार पोचला नाही. कारण रोमन अक्षर यूटीएफ-8 मध्ये एका बाइटात मावतं, आणि आपलं देवनागरी अक्षर घेतं तीन. सात त्रिक एकवीस, अवतरणचिन्हांचे दोन. नमस्कार 23 बाइटांचा असतो! मी म्हटलं 9, म्हणून ब्राउझरनं इमानदारीत 9 बाइट मोजून घेतले: एक अवतरणचिन्ह, अख्खा न, अख्खा म, आणि 'स'चे तीनातले दोन बाइट. तिथंच कातरी. 'स'चा उरलेला तिसरा तुकडा नळीतच राहिला.

खरी धमाल पुढे आहे. समजा, ब्राउझरनं नऊ बाइटांवर चिठ्ठी संपली असं धरलं. आता पुढचे 4 बाइट म्हणजे पुढच्या चिठ्ठीची लांबी, नाही का? ते कुठले? 'स'चा उरलेला तुकडा आणि हलन्ताचे तीन बाइट. मी कागद घेऊन तो आकडा काढला: 2,37,64,58,424. म्हणजे पाय मोडलेल्या 'स'नं ब्राउझरला सांगितलं, 'सांभाळा, 237 कोटी बाइटांची चिठ्ठी येते आहे!' आणि प्रोग्रॅमकडून येणारी चिठ्ठी 1 एमबीच्या वर चालवून घेतली जात नाही. संभाषण समाप्त.

हा 1 एमबीचा नियमही मजेदार आहे. क्रोममध्ये उलट्या दिशेनं, एक्स्टेन्शनकडून प्रोग्रॅमकडे, 64 एमबीपर्यंत चालतं. एका बाजूला चौसष्टपट मोकळीक का? कारण बिघडलेल्या प्रोग्रॅमनं भसाभस ओतून ब्राउझरलाच बुडवू नये. दिंडीतून बाहेर जाणाऱ्याच्या डोक्यावर मोठं गाठोडं चालेल. आत येणाऱ्यानं पिशवी लहान ठेवावी.

त्या 4 बाइटांत आधी मोठा बाइट की लहान, हाही प्रश्न आहेच. या भांडणाला डॅनी कोहेन यांनी 1980 मध्ये गलिव्हरच्या सफरीतल्या अंड्यांच्या लढाईवरून नाव दिलं, अंडं मोठ्या टोकाकडून फोडणारे आणि छोट्या टोकाकडून फोडणारे. इथं नियम सुटसुटीत आहे: दोघे एकाच मशीनवर राहतात, तेव्हा घरची जी रीत असेल ती. आपल्या रोजच्या संगणकांवर लहान बाइट आधी.

23 चा आकडा दुरुस्त केला आणि पडद्यावर "नमस्कार" उमटला. बटण दाबलं, फाईलमध्ये ओळ वाढली: उतरंड. मी खुर्चीतून उठून घरात सगळ्यांना दाखवून आलो. घरच्यांनी विचारलं, बरं मग?

तिसरी संध्याकाळ मात्र सर्वांत गोड. सांगलीच्या एका मैत्रिणीला हे बटण हवं होतं. तिचं मशीन विंडोजचं, म्हणून सोबती प्रोग्रॅम मी सी भाषेत पुन्हा लिहून दिला. बटण दाबलं की फाईलमध्ये शब्द जाई आणि प्रोग्रॅम उत्तरात वहीतल्या एकूण शब्दांचा आकडा पाठवी. तिच्याकडे नऊशेच्या वर शब्द आधीच होते. आठवडाभर मस्त चाललं. मग एके दिवशी तिचा फोन: "बटण मुकं झालंय. शब्द जातोय, पण आकडा येत नाही." चूक कुठलीच दाखवत नाही, नुसतं घुम्यासारखं बसलंय.

"किती शब्द झाले तुझे?"

"परवा 999 होते."

हजाराव्या शब्दाला अशी काय नजर लागावी? माझ्या उत्तराची मांडणी अशी होती: महिरपी कंस, अवतरणात 'एन', अपूर्णविराम, आकडा, महिरपी कंस. 999 असेपर्यंत हे 9 बाइट होतात. 1000 झाले की 10. आणि 10 हा आकडा विंडोजवर साधा नाही! बाइटांच्या दुनियेत 10 म्हणजे 'नवी ओळ'. जुन्या टेलिटाइप यंत्रांवर नवी ओळ म्हणजे दोन हालचाली असत, आधी गाडा डावीकडे ढकलायचा, मग कागद एक घर वर. टाइपरायटरवर बसलेल्या माणसाच्या हातात ते दोन्ही खटके अजून असतील. विंडोजनं ती रीत जपली आहे. प्रोग्रॅम 'मजकूर' लिहितोय असं समजलं की तो प्रत्येक 10 च्या आधी गाडा ढकलायचा 13 हळूच घालून देतो. मदत म्हणूनच हो! माझ्या चार बाइटांत तो 10 होता लांबी म्हणून. त्याला वाटलं ओळ संपली. आता ब्राउझरला पहिले चार बाइट मिळाले 13, 10, 0, 0. त्याचा अर्थ होतो 2573. ब्राउझर बापडा 2573 बाइटांची वाट बघत बसून राहिला, आणि आले होते उणेपुरे अकरा.

म्हणजे हे बटण 1000 ते 9999 शब्दांपर्यंत मुकं राहिलं असतं आणि दहा हजाराव्या शब्दाला, उत्तर 11 बाइटांचं झाल्यावर, आपोआप बोलू लागलं असतं. मैत्रिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग दहा हजार करते की." सुदैवानं सी भाषेत एक ओळ लिहून विंडोजला सांगता येतं की बाबा रे, हे बाइट आहेत, मजकूर नव्हे, तू हात लावू नकोस.

असाच आणखी एक खड्डा, यात सगळेच एकदा पडतात. प्रोग्रॅम कुठे अडला हे पाहायला आपण सवयीनं 'इथपर्यंत आलो' असं छापून बघतो. पण छापलेलं जातं कुठे? त्याच नळीत. ब्राउझर 'इथपर्यंत'चे पहिले बाइट लांबी समजून बसतो. आपली कुरकुर लिहायला प्रोग्रॅमला एक तिसरी वाट असते, चुकांसाठी राखलेली, तिथं लिहावं.

आता एक कडू गोष्ट, तीही सांगायला हवी. एवढा पहारा आहे तो दिंडीपर्यंतच. पलीकडचा प्रोग्रॅम कुठल्याच बंद खोलीत नसतो. तुम्ही तुमच्या मशीनवर जे करू शकता ते सगळं तो करू शकतो. साध्या संकेतस्थळाला त्याच्याशी थेट बोलता येत नाही हे खरं. पानावर पेरलेल्या एक्स्टेन्शनच्या तुकड्यालाही येत नाही. त्याला आधी आपल्या मागच्या कचेरीत निरोप द्यावा लागतो. तरीही 'चिठ्ठीत येईल ती आज्ञा चालव' असा प्रोग्रॅम कुणी आळसानं लिहिला की गडाच्या सगळ्या बुरुजांवर पाणी पडतं. मला तर असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला प्लगइनच्या काळात परत पाठवावंसं वाटतं. माझा सोबती एकच काम करतो, ठरलेल्या एका फाईलच्या तळाशी एक ओळ लिहितो. फाईलचं नावसुद्धा चिठ्ठीतून घेत नाही.

तुमच्या मशीनवर कुणाकुणाला दिंडीची मुभा आहे, हे तुम्ही आजच पाहू शकता. लिनक्स किंवा मॅक असेल तर क्रोमचा 'नेटिव्हमेसेजिंगहोस्ट्स' नावाचा फोल्डर शोधा आणि त्यातल्या फायली साध्या मजकुरासारख्या उघडा; विंडोज असेल तर रजिस्ट्रीत याच नावाची नोंद शोधा. प्रत्येकीत प्रोग्रॅमचं नाव, पत्ता आणि 32 अक्षरी ओळखींची यादी सापडेल. माझ्याकडे तीन फायली निघाल्या. एक या शब्दांच्या वहीची, एक कीपासएक्ससीची. तिसरी होती चार वर्षांपूर्वी मी काढून टाकलेल्या एका प्रोग्रॅमची. तो गेला, त्याचा कागद मात्र तिथंच होता. तो मी त्याच दिवशी पुसला.